मिल चालू ठेवा

"ही आमची दाळ. आधी हसून घ्या."

दुसऱ्याच्या मिलमध्ये पाऊल टाकलं की अप्पा खिशातली मूठभर फुटकी तूरडाळ यजमानाच्या टेबलावर ठेवून असं म्हणायचे. शेजारी उभा मी लाजेनं अर्धमेला व्हायचो.

औरादजवळच्या आमच्या सहकारी डाळमिलचे ते मॅनेजर. मी नवा कारकून, घरातला पहिला पदवीधर. संस्थेची प्रगती कशी सांगायची हे कॉलेजात शिकलो होतो. अडचण कशी सांगायची ते अप्पांनी शिकवलं.

अडचण मोठी होती. आमच्या डाळीत तुकडाच फार पडायचा. व्यापारी पोती परत पाठवायचे. संचालकांनी बजावलं होतं, या हंगामात सुधारलं नाही तर मिल भाड्यानं द्यायची. म्हणजे डाळ निवडणाऱ्या साऱ्या बाया घरी. त्यांत माझी आईही होती. तिच्याच मजुरीवर मी शिकलो होतो.

अप्पांनी ठरवलं, चांगल्या मिल बघून यायच्या. असे दौरे तुम्हीही पाहिले असतील. पहिला हुमनाबादकडे. मी ऐटीत फोन केला, "आमचं शिष्टमंडळ भेट द्यायला येत आहे." गेलो, तर आमच्या मानासाठी मालकानं मिल बंद ठेवलेली! यंत्रं पुसलेली, दारात रांगोळी. शाली मिळाल्या, पुरणपोळ्या मिळाल्या. डाळ कशी होते तेवढं दिसलं नाही.

परतताना अप्पा पोट धरून हसत होते. "काय पदवीधर, नवरदेवासारखं मिरवून आलाव की! पुढच्या टायमाला 'शिकायला यायलाव' म्हण. अन् मिल चालू ठिवा म्हण."

गुलबर्ग्याच्या मिलला मी अप्पांनी सांगितलं तसाच फोन केला. निघताना जीपमधली पुढची जागा त्यांनी एका संचालक काकांना दिली. दौऱ्यांवर सगळ्यांत जास्त चिडलेले तेच.

"मला कामून न्यायलास? मी नावंच ठेवणार," काका म्हणाले.

"म्हणूनच. आमी बघंल त्याला भुलताव. तुमाला पटलं तरच खरं."

गुलबर्ग्याच्या मालकांनी आमची डाळ बोटानं पसरली आणि खरंच हसले. अप्पांना म्हणाले, "अण्णा, माझी बी अशीच व्हायची. इथं येणारे सगळे आपली चांगलीच दाळ दाखवतेत." मग ते आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. तेल-पाणी लावलेल्या तुरीचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले होते. "मुरू द्या तिला, मग साल सुटतंय, दाळ फुटत न्हाई. तुमी घाई करायलाव."

खरं होतं. आम्ही पाणी लावलं की लगेच उन्हात पसरायचो.

"आन् मधेच पाऊस आला तर?" काकांनी अडवलं.

"तर माझी बी नासते."

काका एकदम खूश. "ह्यो माणूस खरं बोलायलाय रे अप्पा!"

त्या हंगामात तुकडा कमी झाला. पोती परत येईनात. बैठकीत भाड्याचा विषय निघाला, तेव्हा काकाच कडाडले, "भाड्यानं? कामून?" आई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सूप घेऊन कामाला गेली.

निवृत्तीनंतर अप्पा फार दिवस राहिले नाहीत. ते गेल्याची बातमी कळताच गुलबर्ग्याचे मालक कुणी न बोलावता आले. घरच्यांना भेटले, मग मिलवर आले. अंगणात आमच्या तुरीचे ढीग मुरत होते. त्यांनी चपला काढल्या, वाकून ताडपत्रीचं टोक उचललं, आत हात घालून पाहिलं, आणि झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी तूर पुन्हा नीट झाकली.