साडेनऊची लाईट

खेळाला जायच्या आदल्या संध्याकाळी मी यादी करते. त्या बुधवारीही केली होती. डोळ्यांवरचा जाड गॉगल, हातमोजे, पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, छर्ऱ्यांची डबी, कात्री, मलम. सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या आणि मी निवांत झोपले. यादी पुरी झाली की मला भीती वाटत नसे.

मी बारामतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. वय अठ्ठेचाळीस. कारखान्यातल्या काही पोरांनी दोन वर्षांपूर्वी एअरसॉफ्टचं वेड आणलं. खेळण्यातल्या बंदुका, प्लॅस्टिकचे छर्रे, दोन गट आणि झाडी. छर्रा लागला की आपण होऊन ‘लागली’ असं ओरडायचं आणि बाहेर पडायचं. पहिल्यांदा त्यांनी मला हजेरी घ्यायला आणि नाश्ता सांभाळायला नेलं. एक गडी कमी पडला म्हणून मी उतरले, आणि त्या दिवशी मी शेवटपर्यंत कुणालाच सापडले नाही.

मला पळता येत नाही, नेमही बरा नाही. पडून राहता मात्र येतं. गटातले बाकीचे आरडाओरडा करत पुढे जातात आणि मी एकटी बाजूने सरपटत शत्रूच्या मागे जाऊन बसते. दीड-दोन तास कुणाशी बोलायचं नाही, खोकायचं नाही. पानांवर जवळच पाऊल वाजलं की काळीज धडधडतं. ही भीती मी स्वतःहून विकत घेतलेली होती आणि मला ती आवडायची.

‘मॅडम, तुम्ही दिसतच नाही, ही चीटिंग आहे,’ पोरं म्हणायची.

‘दिसले असते तर सोडलं असतंत का?’

‘सोडलं? पहिला छर्रा तुम्हालाच! गेल्या महिन्यात माझी हातमोज्यांची मागणी स्टोअरमधून परत पाठवलीत.’

खेळायची जागा अंथुर्ण्याजवळ. कालव्याच्या पाण्याने खारवलेल्या अकरा एकरांवर मालकाने सुबाभूळ आणि निलगिरी लावून टाकली आहे. झाडी दाट, खाली बाभळीची रोपं आणि कमरेएवढं गवत. पलीकडे बांध, आणि बांधापलीकडे दुसऱ्याचा मका. बांध ही आमची हद्द. हा नियम मीच लिहिलेला. मोबाईल गाडीतल्या डब्यात ठेवायचे, हाही माझाच. तीन लांब शिट्ट्या म्हणजे खरा धोका, खेळ बंद, हाही माझाच.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. आठला खेळ सुरू झाला. मी अंगावर माझं जाळं चढवलं. उजनीच्या धरणावर मासे धरणाऱ्या एकाकडून घेतलेलं हे जुनं नायलॉनचं जाळं. त्याला मी गोणपाटाच्या चिंध्या शिवल्या आहेत. ते गळ्याशी आणि दोन्ही काखांखाली बांधायचं. गाठी दोनदा तपासायच्या, कारण सरपटताना जाळं निसटलं की माणूस उघडा पडतो. मी दोनदा तपासल्या.

तासाभरात बांधापर्यंत पोहोचले. समोरच्या गटाचे दोघं वीस पावलांवर उभे राहून बोलत होते. पुढे जायला झाडीतून वाट नव्हती. बांधावरून मक्याच्या कडेने दहा-बारा हात सरकलं तर त्यांच्या बरोबर पाठीमागे निघता आलं असतं. दहा-बारा हात. मी माझाच नियम मोडला आणि बांध ओलांडला.

दव अजून वाळलं नव्हतं. पोट आणि गुडघे ओले झाले. डोकं खाली घालून मी पुढे सरकले आणि पाठीवर काहीतरी अडकलं. काटा असेल म्हणून मी आणखी जोर केला. मानेला बारीक, थंड असं काहीतरी टेकलं.

तार होती. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर मक्याच्या कडेने गेलेली. तिच्या जोडाचं पीळ दिलेलं टोक माझ्या जाळ्यात, दोन खांद्यांच्या मधोमध, घुसलं होतं. पुढे सरकलं की गळ्याची गाठ आवळायची, मागे सरकलं की चिंध्या गुंतायच्या. नायलॉन काही तुटत नव्हतं. गाठी मानेमागे, तारेच्या खाली. आणि कात्री, यादीत बरोबरची खूण केलेली कात्री, गाडीतल्या पिशवीत.

अजूनही मला ते साधं कुंपण वाटत होतं. हाक मारली असती तर समोरचे दोघं आले असते. पण मी सापडले असते. या एका कारणासाठी मी तीन-चार मिनिटं गप्प पडून राहिले. तेवढ्यात ते दोघं बोलत बोलत लांब निघून गेले.

मग मी मान तिरकी करून जवळची खुंटी पाहिली. तार खुंटीला थेट गुंडाळलेली नव्हती. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. पुढच्या खुंटीलाही तसाच.

ट्यूबचा तुकडा तारेतला करंट खुंटीत उतरू नये म्हणून लावतात, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. रानडुकरं मका लोळवतात म्हणून लोक रात्री तारेत करंट सोडतात. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत वायरचा आकडा टाकायचा आणि तार शेताभोवती फिरवायची. बेकायदा आहे, जीवघेणं आहे, तरी करतात.

आत्ता तारेत करंट नव्हता. ती माझ्या मानेला टेकली होती आणि मी जिवंत होते, एवढा पुरावा पुरेसा होता. शेतीची लाईट सोमवार ते बुधवार रात्री असते, पहाटे जाते. त्या दिवसांत पेटीतला आकडा कुणी काढत नाही. काढायची गरजच नसते, लाईट गेली की तार आपोआप मरते. पण आमचीही दोन एकर जमीन त्याच लाईनवर आहे, आणि लाईटीचं वेळापत्रक माझ्या फ्रिजवर लावलेलं आहे, माझ्याच अक्षरात. गुरुवारपासून पाळी बदलते. गुरुवारी लाईट दिवसा येते. साडेनऊला.

मनगट डोळ्यांसमोर आणलं. नऊ वाजून बारा मिनिटं.

त्यानंतरची भीती नीट सांगता येणार नाही. ओल्या जमिनीवर मी पालथी, अंगभर दव. मी गळ्यातली शिट्टी ओढून तोंडात धरली. तीन लांब. थांबून पुन्हा तीन. वारा झाडीकडून मक्याकडे होता, आवाज मागे झाडीत न जाता मक्यातच जात असावा. ‘कोणी आहे का?’ असं मी ओरडले. सव्वा तास न वापरलेला माझा आवाज मलाच परका वाटला. आमची पोरं आली नाहीत.

नऊ एकोणीसला मक्यात सळसळ झाली.

‘शिट्टी कोन वाजवतंय? बिबट्या आला का काय?’

साठीच्या पुढची एक बाई, डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात गवताचा विळा. तिने चिंध्यांचा ढीग हलताना पाहिला आणि विळा वर उचलला.

‘मावशी, मारू नका! माणूस आहे!’

‘माणूस? गडी का बाय?’

‘बाई.’

‘बाय हायेस आन अशी? कुनाच्या शेतात शिरलीस, चोरटे?’ एवढं बोलून ती पुढे आली. ‘थांब, सोडवते.’ तिने तारेकडे हात नेला.

‘हात लावू नका!’

‘आगं त्यात काय न्हाय. लाईट रातीची हाय.’

‘मावशी, आज गुरुवार.’

हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, मग दूर विहिरीकडे.

‘गुरवार,’ ती म्हणाली. ‘आन ह्ये तर पहाटंच्या गाडीनं नरसिंगपूरला गेल्यात.’

विळा माझ्या हातापासून लांब टाकून ती निघून गेली. गुडघे दुखत असावेत, प्रत्येक पावलाला ती एका बाजूला झुकत होती. विहीर दीडशे पावलं तरी असेल. ती मक्याआड गेली आणि मला दिसेनाशी झाली. तेव्हा माझी खात्री झाली की ती घाबरून पळाली. मी तिच्या जागी असते तर? बेकायदा तार आपली, अडकलेली बाई परकी, बघणारं कुणी नाही. मी पुन्हा हाक मारली नाही. घड्याळाकडे बघत राहिले.

नऊ सत्तावीस. तीन मिनिटं आधीच लाईट आली.

ती कानाला कळते. सगळ्यांच्या मोटारींना ऑटो बसवलेले असतात, लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते. पहिली लांब कालव्याकडे गुरगुरली. मग अलीकडची. मग तिच्या अलीकडची. एकेक विहीर ओलांडत तो आवाज माझ्याकडे चालत येत होता. मी डोळे मिटले, दात आवळले आणि ‘आई’ म्हणाले. सर्वांत जवळच्या विहिरीवर खट् असा आवाज झाला आणि मोटार सुरू झाली.

काही झालं नाही.

मी श्वास घेतला तो मला ऐकू आला. तार मानेवर तशीच थंड होती.

थोड्या वेळाने ती मक्यातून आली, हातात वायरचा आकडा लोंबकळत होता. ‘लाईटीचा काय नेम, म्हनून आदी आकडा काढला,’ म्हणत ती धापा टाकत माझ्याशेजारी बसली आणि विळ्याने गळ्याच्या आणि काखांखालच्या गाठी कापल्या.

मी उठून बसले.

‘गवताला मी रोज ह्याच वक्ताला येते,’ ती म्हणाली. ‘आन बांध चढताना गुडघा धरतो म्हनून वाकून ह्याच तारंला धरते.’

तिने कमरेचा फोन काढला. नवऱ्याला लावला.

‘आवं, आज गुरवार. आकडा काढला व्हता का?’ पलीकडून घाईघाईने काहीतरी विचारलं गेलं. ‘न्हाय, न्हाय. कोन न्हाय मेलं. दर्शन झालं का? जेवून या.’

फोन ठेवून ती पदराने तोंड पुसायला लागली, ते पुसतच राहिली.

झाडीत खेळ संपल्याची शिट्टी झाली. पोरं माझ्या नावाने ओरडत होती. मी दोन मिनिटं थांबा म्हणून उलट ओरडले.

‘मावशी, ही तार काढा.’

‘आन डुकरं? तुमी येता का राखायला? पडून ऱ्हायला बरं जमतंय तुमाला.’

‘येईन.’

‘यील म्हनं!’ ती हसली, आणि उठली. एका टोकाने तिने, एका टोकाने मी, सगळ्या खुंट्यांवरून तार सोडवली. वेटोळं तिने स्वतः बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

‘ही तुमी न्या. हितं ऱ्हायली तर ह्ये सोमवारी परत लावत्याल.’

गाडीजवळ पोरं टाळ्या वाजवत होती. ‘मॅडम, आजही सापडला नाहीत! कुठं होतात?’ मी हद्द ओलांडल्याचं सांगितलं, तार दाखवली. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ते वेटोळं कारखान्यात नाही, घरी माळ्यावर आहे. माळ्यावरच्या सामानाचीही माझी यादी आहे. त्यात शेवटी लिहिलंय: तार, एक वेटोळं. कुणी मागितली तरी द्यायची नाही.