शाळा सर्वांत शेवटी

दुपारची सर ओसरली की सिंगापुरात सेरंगूनच्या आमच्या ब्लॉकखाली ओल्या गवताचा आणि तापल्या सिमेंटचा मिश्र गंध रेंगाळत राही, आणि त्या धुतलेल्या, किंचित हिरव्या उजेडात शेजारचे कॅप्टन गुरुंग बाकावर ताठ बसलेले दिसत. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले हे नेपाळी गृहस्थ लेकीकडे, मायाकडे राहत; आमचे बोलणे हिंदीत चाले.

त्या वर्षी वन-नॉर्थ या उद्योग-वसाहतीतले आमचे ऑफिस बंद करून सारे काम पुण्याला हलवायचे ठरले, आणि कोणी केव्हा परतायचे याचा आराखडा माझ्याकडे आला. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथले नोकरीचे परवाने, संपले की मुलांच्या शाळाही सुटणार, त्याही ऐन परीक्षेच्या तोंडावर. हे कॅप्टनना सांगितले तेव्हा ते निथळणाऱ्या पानांकडे पाहत राहिले.

"हाँगकाँगला मी हेच काम केलंय," ते म्हणाले.

हाँगकाँग चीनच्या हवाली होण्यापूर्वी तिथली ब्रिटिश छावणी टप्प्याटप्प्याने रिकामी करायची होती; कोणती पलटण केव्हा निघेल, कोणत्या बराकीला केव्हा कुलूप लागेल, हे ठरवणाऱ्यांत तेही होते. सैनिकांची कुटुंबे आधी हलवा, असा वरून हुकूम होता. तसे झाले असते, तर छावणीतली शाळा अर्ध्या वर्षातच ओस पडली असती. कॅप्टननी साफ नकार दिला. आधी कोठारे, मग अधिकाऱ्यांची मेस, शाळा सर्वांत शेवटी. वरिष्ठ हसून म्हणाले, "तुमची मुलगी तिथंच शिकते, नाही का?" कॅप्टननी मायाला आईसोबत नेपाळला धाडले, आणि पुन्हा त्याच टेबलापुढे उभे राहून तेच म्हटले. त्यांची बढती हुकली. शाळा मात्र परीक्षा संपेपर्यंत भरत राहिली.

"आणि माझं वर्ष गेलं, बाबा."

कामावरून परतलेली माया केव्हा मागे येऊन उभी राहिली होती, कळलेच नाही. आवाज शांत होता, पण त्या शांततेत क्षमा नव्हती. "भांडायचंच होतं, तर मला जवळ ठेवून भांडायचं होतं."

कॅप्टनचा ताठ खांदा प्रथमच जरासा खचलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी काचेतून ऊन सांडणाऱ्या त्या थंडगार मीटिंग रूममध्ये मी संचालकांना सांगितले, की ज्यांची मुले इथे शिकताहेत, ते परीक्षेनंतरच जातील. नाहीतर हा आराखडा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"यात तुमची मुलगीही येते."

"हो, येते. तीही इथंच परीक्षा देईल."

मुदत मिळाली, पण पुण्यातली जी जागा मला मिळायची होती, ती दुसऱ्या कुणाला गेली. त्याचे दुःख फार काळ टिकले नाही. त्या उत्तरात कॅप्टनचा कणा किती होता आणि मायाचे न भरलेले दुखणे किती, हे मात्र मला अजून वेगळे करता येत नाही. करावेसेही वाटत नाही.