साडूंनी शिंगाळा मोजला

आमच्या साडूंइतका मासळीला छळणारा आणि मासळीसाठी भांडणारा माणूस पनवेलपासून उरणपर्यंत झाला नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. नव्वद सालच्या आसपास कारखान्याच्या सांडपाण्यानं पाताळगंगेच्या माशांत किती पारा साचतो ते मोजायचं वेड लागलं आणि घराचा मासळीबाजार झाला. फ्रीजमध्ये बर्फ कमी, मिशाळ शिंगाळे जास्त. मेहुणीचा मिक्सर माशांची काळिजं वाटून असा बाटला, की पुढे खोबऱ्याची चटणीही मिशा फुटल्यासारखी लागे. हळदीच्या पंगतीत हे वाढप्याचा हात धरत, "मासा कारखान्याच्या वरचा की खालचा?" आणि भर मांडवात गरजत, "पाण्यात विष चिमटीभर! ते इवल्याशा चिंगळीत साचतं, ढीगभर चिंगळ्या बोयटा खातो, ढीगभर बोयटे शिंगाळा. आणि शिंगाळा खातो कोण? आपण गाढवं!"

'नदी स्वच्छ आहे' असं छातीठोक सांगणाऱ्या कारखान्याच्या साहेबाला त्यांनी एका बुधवारी जेवायलाच बोलावलं. शिंगाळ्याचं कालवण बघून साहेब खुलला.

"वा! कुठला मासा?"

"तुमच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी धरलेला."

साहेबाचा घास हवेतच राहिला. "आज... माझा उपवास आहे."

"बुधवारी? कुठल्या देवाचा? पाऱ्याचा?" साडूंच्या आवाजानं ताटं थरथरली. "तुम्ही ज्याला तोंड लावत नाही, ते नदीकाठच्या आपटा गावची पोरं रोज खातात हो!"

साहेब उपाशी गेला. महिन्याभरात नदीकाठी पाटी लागली, 'येथील मासे खाऊ नयेत.' पाइप वाहतच होता. चोर सोडून संन्याशाला सुळी!

मग साडूंना मोजायला मासे आणून देणारी आपट्याची मासेवाली दारात उभी राहिली. "सर, तुमी मोजलात, न् गिऱ्हाईक पलाला. इकला नाय तं टाकू कसा? आता दोनी वेलंला पोरांना त्योच घालतंय."

जन्मभर गरजलेल्या माणसानं खालच्या आवाजात टोपलीचा भाव विचारला.

त्यानंतर दर बाजाराला ते तिची अख्खी टोपली घेत. 'मोजायला हवी' म्हणत आणि ती गेली की परसात खोल खड्डा करून पुरत. मोजणी केव्हाच संपली होती.

"सर, अजून मोजून नाय झाला?" तिनं एकदा विचारलं.

"कुठं गं बाई. तो पाइप वाहतोय तोवर संपायची नाही," साडू पुटपुटले आणि टोपलीच्या तळाला चिकटलेली चिंगळीसुद्धा बोटानं खरवडून काढून घेतली. तिच्या घरी परत काहीच जायला नको होतं.