फौजदाराचे सोबती

विजयश्रीनं चिंचवडचा तो जुना फ्लॅट घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर एक मासाही आला. हॉलच्या भिंतीला लागून सहा फुटी काचेची टाकी होती. फ्लॅट विकणारे उद्धवराव बायको गेल्यावर आता लेकीकडे, नाशिकला निघाले होते. किल्ल्या देताना ते टाकीपाशी थांबले. आत पंजाएवढा, काळपट अंगावर नारिंगी डाग असलेला ऑस्कर जातीचा मासा काचेला तोंड लावून उभा होता.

"हा फौजदार. हिनंच ठेवलं होतं नाव," ते म्हणाले. "लेकीच्या घरात एवढी टाकी मावत नाही. नको असेल तर सांगा, दुकानवाला घेऊन जाईल."

"राहू द्या," विजयश्री म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही नीटसं कळलं नाही.

ती मूळची परांड्याची. निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होती; गाड्यांचे सुटे भाग हाती घ्यायचे, तपासायचे, पुढे सरकवायचे. नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली होती. भांडण असं नव्हतंच. दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरलं नाही, एवढंच. तेव्हापासून भाड्याच्या खोल्या, कंपनीची बस आणि डबा. जेवणाच्या सुट्टीत बायका पोरांच्या दहावीचं, सासूच्या गुडघ्यांचं बोलत. ती ऐकायची आणि कुणी काही विचारायच्या आत डबा धुवायला उठायची. स्वतःचं घर झालं की सगळं बदलेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. घर झालं. पहिल्या महिन्यात बेल वाजली ती फक्त गॅसवाल्याची.

फौजदार मात्र ती आत आली की लगेच काचेशी यायचा. खायला टाकायला उशीर झाला की शेपटीचा असा फटका मारायचा की झाकणाच्या फटीतून पाणी फरशीवर यायचं. मग बाकीचा वेळ तो त्या लांबलचक टाकीत या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा आणि परत यायचा. ते तिला बघवेना.

एका सुट्टीच्या दिवशी ती पिंपरीत सुजितच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. निळ्या-लाल रेघांच्या चिमुकल्या टेट्रा माशांचा अख्खा थवा एका टाकीत लखलखत होता. "हे द्या. वीस-पंचवीस द्या," ती म्हणाली.

"टाकीत आधीचं काय आहे, मॅडम?"

"एक ऑस्कर."

सुजित हसला. "मग त्याला सोबत द्या म्हणू नका, नाश्ता द्या म्हणा. त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा घासच. आणि त्याच्यासारखाच भांडखोर दिला तर दोघं एकमेकांची सालटी काढतील. त्याला जोडीदार हवा तो अंगानं दांडगा आणि स्वभावानं गरीब." त्यानं दुसऱ्या टाकीकडे बोट केलं. तिथं रुपयासारखे गोल, चपटे, चांदीच्या रंगाचे मासे गटानं फिरत होते. "सिल्व्हर डॉलर. घाबरट आहेत, पण चपळ. एकटादुकटा नेऊ नका, झुरतो. अर्धा डझन न्या. आणि आत सोडायच्या आधी दगड-लाकडं सगळी हलवा. नाहीतर तो म्हणेल, हे माझं घर, तुम्ही कोण?"

तिनं सांगितल्याप्रमाणे केलं. दगड हलवले, फौजदाराला पोटभर खाऊ घातलं, दिवा बंद केला आणि मासे सोडले. सकाळी पाहते तर डॉलर एका कोपऱ्यात दाटीनं उभे आणि फौजदार तळाशी आडवा, कुशीवर. बस चुकली तर चुकली म्हणत तिनं उद्धवरावांना फोन लावला.

"आडवा पडलाय? डोळा फिरवतोय का?"

"फिरवतोय."

"मग रुसलाय," उद्धवराव म्हणाले. "त्याची जागा हलवलीत ना? ही सोफा सरकवायची तेव्हा मीही असाच पडायचो." आणि ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसासारखे, जरा चाचपडत.

फौजदार उठला. एका डॉलरची शेपूट फाडली, दोन दिवस सगळ्यांना पळवलं, मग कंटाळून सोडून दिलं. पुढं पुढं तर गट वळला की तोही मागोमाग वळायचा.

त्या दिवसापासून दर रविवारी उद्धवरावांचा फोन येऊ लागला. "खातोय का?" इथून सुरू व्हायचं. ती सगळं सांगायची, आज पुन्हा फरशीवर पाणी उडवलं इथपर्यंत. रविवारी आणखी काय सांगायचं, हे ती आठवडाभर बसमध्ये जुळवत असायची. माशाव्यतिरिक्त दोघंही काही विचारत नसत.

थंडीत एकदा फौजदार पुन्हा आडवा पडला. दगड तर कुणी हलवले नव्हते. तरी रुसला असेल म्हणून तिनं वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याचा डोळा फिरेनासा झाला. "वय झालं होतं, मॅडम," सुजित फोनवर म्हणाला. सोसायटीच्या बागेत, जास्वंदीच्या मागं तिनं त्याला पुरलं. वॉचमननं विचारलं, काय आहे? ती म्हणाली, "काही नाही."

रविवारी फोन आला. "खातोय का?"

"हो," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेलं.

पुढच्या रविवारीही निघून गेलं. तिसऱ्या रविवारी मात्र उद्धवरावांनी विचारलंच नाही. नाशिकची थंडी, लेकीची नोकरी, दुपारभर बंद घरात टीव्ही, असं काहीबाही बोलत राहिले. मग तिलाच राहवेना.

"काका, फौजदार गेला. मागंच गेला. मी खोटं बोलले."

"कळलं होतं," ते म्हणाले. "पाणी उडवलं म्हणून तुमची तक्रार बंद झाली ना." मग म्हणाले, "फोन बंद होईल म्हणून मीही गप्प बसलो, ताई."

डॉलर मधल्या मोकळ्या पाण्यात उगाच एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होते.

"ही असताना, फौजदाराच्याही आधी, गौरामी होते त्या टाकीत," उद्धवराव म्हणाले. "अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेले. गरीब मासा. तुमच्या डॉलरांबरोबर जमेल त्याचं."

मंगळवारी कंपनी सुटल्यावर ती सुजितच्या दुकानात गेली ती फोन कानाला लावूनच. व्हिडिओ उद्धवरावांना जमत नव्हता, म्हणून एकेका टाकीपुढं उभी राहून ती सांगत गेली. हा पिवळट, हा जरा लहान, याचे पंख फाटलेत. "तो नको," ते म्हणायचे. "जरा मोठे बघा. नर एकच घ्या, छाती तांबूस असते बघा त्याची. बाकी माद्या." निवड करायला दोघांनी इतका वेळ लावला की सुजितनं तिला स्टूल आणून दिलं.

मग पलीकडून त्यांच्या लेकीचा, योगिनीचा आवाज आला, बाबा, जेवायला चला. "येतो," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

घरी येऊन तिनं गौरामींची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट व्हावं म्हणून. डॉलर पिशवीखालून भेदरून पळाले, पुन्हा आले, पुन्हा पळाले. रविवार अजून लांब होता. ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसली आणि रात्रीचा डबा उघडून तिथंच जेवायला लागली.