आधी काकांच्या हाताला लावा

अख्ख्या नाशिक शहरात फेस पावडरची चव कशी असते हे खात्रीने सांगू शकणारी एकच बाई होती, आणि ती माझ्या जाऊबाईंची आई. फेस पावडरच कशाला, कोल्ड क्रीम, व्हॅनिशिंग क्रीम, तीन प्रकारचे साबण, मेंदी, मुलतानी माती या सगळ्यांची चव त्यांना पाठ होती. "पावडर आधी गोड लागते आणि मग घशात बसते," असं त्या आपण श्रीखंडाबद्दल बोलावं इतक्या सहजपणे सांगत. हे वेड नव्हतं. त्यामागे एक नियम होता, आणि नियम असलेली माणसं मला पहिल्यापासून आवडतात. मी स्वतः वाण्याच्या यादीतसुद्धा डाळी वेगळ्या आणि कडधान्यं वेगळी लिहिणारी बाई आहे.

त्यांचा नियम असा की गरोदर बाईच्या अंगाला जे लावायचं ते आधी जिभेवर ठेवता आलं पाहिजे. जिभेने नाकारलं की विषय संपला.

ऐंशी सालच्या आगेमागे आम्ही सातपूरला राहत होतो. आमचे हे आणि मोठे दीर एकाच कारखान्यात, दोघी जावा आणि सासूबाई एकाच स्वयंपाकघरात. जाऊबाईंच्या आईचं घर पंचवटीत. रीतीप्रमाणे लेकीच्या सासरी फार राबता ठेवायचा नसतो, पण आमच्याकडे कुणाला दिवस गेल्याचं कळलं की रीत पंचवटीतच राहायची आणि मावशी सिटी बसने सातपूरला यायच्या. नात्याने त्या माझ्या कुणीच नव्हत्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी डबा. डब्यात मसूर डाळीचं पीठ, घरी कुटलेली आंबेहळद, वाळा, गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या आणि बाटलीत खोबरेल. कंजूष नव्हत्या, पण जी वस्तू घरच्या फडताळात आहे ती बाहेरून सुंदर डबीत आणायला त्यांचा जीव होत नसे. "डबी लावायची आहे का तोंडाला?" असं विचारत.

मला दिवस गेले आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात गालांवर वांग उठले. मेन रोडवरच्या एका दुकानात मावशींना घेऊन गेले. दुकानदाराने मोठ्या प्रेमाने एक क्रीम उघडून दाखवलं. मावशींनी करंगळी बुडवली आणि चाटली.

"अहो बाई, हे लावायचं असतं! खायचं नाही!" दुकानदार ओरडला.

"मला माहीत आहे हो," मावशी शांतपणे म्हणाल्या. "पण हिच्या कातडीला कुठे माहीत आहे? ती बिचारी येईल ते आत घेते. कडू आहे हे. कशाने कडू आहे?"

दुकानदाराला ते सांगता येईना. डबीवरही लिहिलेलं नव्हतं. मावशींनी झाकण लावून डबी परत केली आणि रस्त्यात मला म्हणाल्या, "अर्धे वांग बाळंतपणानंतर आपोआप जातात. उरलेले माझ्याकडे पाठव. तोवर रोज साय लाव, आणि उन्हात जाताना पदर घे."

शेजारच्या बाईंनी बाळ गोरं व्हावं म्हणून केशराची डबी आणली, तेव्हा मावशींनी ती उघडून हुंगली आणि म्हणाल्या, "याचा शिरा कर, चांगला होईल. बाळाला रंग द्यायचं काम होऊन गेलंय, आता फक्त उघडून बघायचं बाकी आहे." शेजारीण घरी गेली. शिरा मात्र सगळ्यांनी खाल्ला.

जिभेची परीक्षा पास झालेल्या वस्तूची दुसरी परीक्षा असे, आणि ती मावशींच्या यजमानांच्या हातावर होई. काका इगतपुरीला रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन पंचवटीत आलेले. आयुष्यभर गाड्या पुढे सोडल्या, आता घरात कुठलीच वस्तू त्यांच्यावाचून पुढे जात नसे. कोपराच्या आतल्या बाजूला मावशी बोटभर लेप लावत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत धुऊ देत नसत. लाल झालं, खाजलं, तर वस्तू बाद. त्यांच्या दोन्ही हातांवर पिवळे, तपकिरी, हिरवट पट्टे असत, आणि ते झाकायला काका मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गोदेकाठी, आमच्या भाषेत गंगेवर, फिरायला जात.

"काका, आज काय?" मी विचारायची.

"डाव्या हाताला तीळतेल, उजव्याला संत्र्याची साल. रविवारी सुट्टी असते." ते हे अशा आवाजात सांगत की जणू ड्यूटीचा तक्ताच लागलाय.

मावशींच्या नियमाचा सगळ्यात मोठा विजय मात्र चुकून झाला. त्यांनी माझ्यासाठी उटण्याचा डबा भरून ठेवला होता, तो जाऊबाईंनी घाईत बेसनाचा समजून त्याचं पिठलं केलं. पुरुष मंडळी सेकंड शिफ्टला निघायच्या घाईत होती. "आज पिठल्याला वास छान येतोय," दीर म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताटात गुलाबाची पाकळी सापडली तेव्हा चूक कळली. जाऊबाई रडकुंडीला आल्या. मावशींना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्या आनंदाने लाल झाल्या. "कुणाला काही झालं? नाही ना? अख्ख्या घराने खाऊन पास केलं!" पुढे कित्येक महिने त्या प्रत्येक गर्भारणीला हेच प्रमाणपत्र दाखवत. दीर मात्र बेसनाचं काही समोर आलं की आधी हुंगू लागले.

पोट ताणलं तशी त्यावर खाज सुटू लागली. माझा हात नकळत तिकडे गेला तरी मावशी टाळी वाजवत. "खाजवू नकोस! तेल लाव!" आठवा महिना लागला आणि खाज पोटावरून निघून भलतीकडेच गेली. तळहात आणि तळपाय. रात्री तर अशी की पाय फरशीवर घासत बसावं. सकाळी मावशी आल्या तेव्हा मी तळवे पुढे केले आणि खोबरेलाची वाट बघत बसले.

मावशींनी माझे हात खिडकीच्या उजेडात नेले. उलटेसुलटे करून पाहिले. "पुरळ नाही?"

"नाही."

"रात्री जास्त? आणि लघवी गडद होते?"

"हो. पाणी कमी पडत असेल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हे माझ्या डब्यातलं नाही. उठ, साडी बदल. दवाखान्यात जायचंय."

"अहो विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "उष्णता असेल. जरा तेल तरी चोळा. पोरीला बरं वाटेल."

"तेच नकोय मला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बरं वाटलं तर ही म्हणेल उद्या जाऊ. मग परवा. आज हिला खाजलंच पाहिजे."

बसचे दोन स्टॉप चालत जाणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी रिक्षा केली. डॉक्टरीणबाईंनी तळवे पाहिले, तेच प्रश्न विचारले, रक्त तपासायला दिलं आणि मला घरी सोडलंच नाही. लिव्हरचा त्रास होता. मला त्याने फारसं काही होणार नव्हतं, पण बाळाला पोटात धोका होता. रोज तपासत राहिल्या आणि दिवस भरायच्या थोडं आधीच त्यांनी मला मोकळं केलं. मुलगी झाली. बारीक होती, पण रडली खणखणीत.

दुसऱ्या दिवशी काका भेटायला आले. मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या की हिला साबण लावायचा नाही, डाळीचं पीठ आणि दूध. मग त्या चहा आणायला गेल्या तेव्हा मी काकांना विचारलं, मावशींना हे कळलं कसं?

काका शर्टाच्या बाहीचं बटण लावत राहिले. मग म्हणाले, "इगतपुरीला क्वार्टरमध्ये होतो तेव्हा हिला असंच झालं होतं. शेजारपाजारच्या बायकांनी जे सांगितलं ते सगळं लावलं. कडुनिंब लावला, खाज थांबली. खाज थांबली म्हणून आम्हीही थांबलो. मूल पोटातच गेलं. तुझ्या जाऊबाईंच्या आधीचं. तेव्हापासून ती कशावरही भरवसा ठेवत नाही. आधी स्वतःची जीभ, मग माझा हात."

मावशी चहा घेऊन आल्या. कपातला चहा त्यांनी आधी एक घोट पिऊन पाहिला आणि मग माझ्या हातात दिला.

माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी मावशी गेल्या. थंडीत, फार त्रास न होता. पुढे काही महिन्यांनी धाकट्या नणंदेला दिवस गेले. तिच्यासाठी काही आणायला मी मेन रोडला गेले, तर आता दुकानात तयार उटण्याचे खोके आले होते, वर हिरवी पानं छापलेली. खोका उघडून मी चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि दुकानदार बघत राहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. चव बरी होती. मी घेतलं.

येताना पंचवटीत काकांकडे डोकावले. ते ओट्यावर बसले होते, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. एवढ्या वर्षांत त्यांचे हात मी असे उघडे कधी पाहिले नव्हते. गोरे, स्वच्छ, एकही पट्टा नसलेले. मला तिकडे बघवेना. मी मुलीच्या शाळेबद्दल काहीबाही बोलत राहिले.

"पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"उटणं. धाकटीसाठी. विकतचं आहे."

"चाखलंस?"

"हो."

काका आत गेले, वाटीत थोडं दूध घेऊन आले, आणि माझ्यासमोर बसून त्यांनी डावा हात पुढे केला.

"अहो काका, आज रविवार. सुट्टी ना?"

"लाव," ते म्हणाले. "सुट्ट्या फार झाल्या."