कन्सोलची खुर्ची

ऑपरेशनचा रोबोट आमच्या छातीच्या विभागाला आठवड्यातून एकदाच मिळतो. बाकीचे दिवस तो मूत्ररोगवाल्यांचा. त्यामुळे सर आदल्या दिवशी म्हणाले, "उद्या फुप्फुसाचा भाग मी काढतो, मग भोवतालच्या गाठी तू काढ," तेव्हा मी नुसती मान हलवली. तोवर मी फक्त सरावाच्या सिम्युलेटरवर बसले होते.

पेशंट म्हणजे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका. फुप्फुसाचा कॅन्सर. या गुजराती शहरात मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांचे सगळे प्रश्न मलाच. छोटी भोकं पडतील, फासळ्या फाकवाव्या लागणार नाहीत, असं मीच त्यांना सांगितलं होतं. क्वचित छाती उघडावी लागते, हेही सांगितलं होतं, पण जरा हळू.

यंत्राचे हात जोडता जोडता बराच वेळ गेला. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बेन, तमारो रोबोट चा पीधा वगर नथी जागतो?" चहाशिवाय जागा न होणाऱ्या रोबोटवर सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

सर बूट काढून कोपऱ्यातल्या कन्सोलवर बसले; यंत्राचे हात तिथूनच, पडद्यात बघून चालवायचे. मी काकांच्या बाजूला अवजारं बदलत उभी. सगळं नीट चाललं होतं. मग रक्तवाहिनीला चिकटलेली एक गाठ आली. पडद्यावर मला दोन्हींमधली फट दिसत होती. पण सरांचं आयुष्य बोटांनी चाचपण्यात गेलंय, आणि हे यंत्र बोटांना काहीच कळवत नाही. किती ताण पडतोय ते डोळ्यांनीच ओळखायचं. ते थांबले. पुन्हा थांबले.

"हाताला काही लागत नाही," म्हणाले आणि पायाने बूट शोधू लागले.

फट दिसतेय, सर. एवढंच म्हणायचं होतं. ते मास्कच्या आतच राहिलं.

ते हात धुऊन आले, आम्ही यंत्र बाजूला केलं, त्यांनी छाती उघडली. गाठ बोटाने सोडवली, तेही सुरेख. त्यांना चूक म्हणायला जागा नव्हती, याचाच मला जास्त राग आला. उरलेल्या गाठीही त्यांनीच काढल्या. दर वेळी असंच झालं तर त्यांचा यंत्रावर भरवसा बसणार कधी, आणि मी शिकणार कधी?

दोन दिवसांनी काका, खोकताना टाके दुखू नयेत म्हणून, उशी छातीशी घट्ट धरून बसले होते. "मशीन बिघडलं होतं का गं?"

"नाही काका. गाठ चिकटलेली होती. हातानं काढणं सरांना सुरक्षित वाटलं."

"आणि तुला?"

मी त्यांच्या छातीच्या नळीची बाटली बघायला खाली वाकले. पाण्यात अजून बुडबुडे येत होते, म्हणजे फुप्फुसातून हवा अजून गळत होती.

"जोरात खोका," मी म्हणाले.