कपाटाला विचारून

"साहेब, येऊ का आत?" असं ती कपाटाला विचारायची.

आधी पेन्सिल केसांत खोचायची, लोखंडी दारावर दोनदा टकटक करायची, उत्तराची वाट पाहायची आणि मग एक पाऊल पुढे यायची. कपाटात जुनी ड्रॉइंगं आणि एक मोडका पंखा होता. तुम्हाला वाटेल, बाईच्या डोक्यात काही फरक असेल. नव्हता. कपाटाशी बोलायला तिला मी शिकवलं. एवढं खरं आहे. यापुढचं मी चाळीस वर्षं जसं सांगत आलो तसं ते नव्हतं.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टेबल फॅनचा कारखाना होता. ती आणि मी तपासणी खात्यात. ती डिप्लोमा करून आलेली, सव्वीस वर्षांची. मी तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सगळ्यांचा अण्णा. तिची आई मालाडच्या बाजारात मासे विकायची आणि त्या बाईचा आवाज पलीकडच्या गल्लीत पोचायचा. मुलीचा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचत नसे. "घरातला सगळा आवाज आईनंच वापरून टाकलाय," ती म्हणायची.

पण खरी अडचण आवाजाची नव्हती. तिला पक्की माहीत असलेली गोष्टही ती प्रश्न करून सांगायची. "मी आपलं नुसतं विचारते हं, या लॉटची जाळी सैल तर नाही?" जाळी सैल असायचीच. पण प्रश्न म्हटल्यावर साहेब सगळ्यांकडे बघायचे, सगळे छताकडे बघायचे आणि विषय संपायचा. पापलेट ताजं आहे का असं आपण गिऱ्हाईकाला विचारत बसलो असतो तर घर कसं चाललं असतं, असं तिची आई तिला ऐकवायची म्हणे.

त्यातच सेक्शन हेडची जागा रिकामी होणार होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाई हुशार आहे, फक्त कॉन्फिडन्स नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये ठामपणे बोलायला लागली की तिलाच हेड करू, तुम्ही तिला तयार करा, म्हणाले. नाहीच जमलं तिला, तर तुम्ही आहातच.

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. किंवा मी ऐकायला नको होतं.

मी शिकवणी सुरू केली. समोर साहेब आहेत असं समजून कपाटाशी बोलायचं, दर सोमवारी मीटिंगच्या आधी, मोठ्यानं. तिनं मन लावून केलं. कपाटाला अहोजाहो करायची, त्याच्यासमोर कधी बसायची नाही. महिनाभरात पॅकिंगची माणसंही त्या कपाटाला मान देऊ लागली. कुणी त्यावर डबा ठेवेना.

आता खोलीची रचना सांगतो. ते कपाट म्हणजे आमची भिंत होती. अलीकडे ती, पलीकडे माझं टेबल.

पहिल्यांदा खरंच कानावर पडलं. मीटिंगमध्ये ती तोंड उघडणार एवढ्यात मी जाळीचा मुद्दा मांडून टाकला. साहेब खूश झाले. नंतर ती मला म्हणाली, "अण्णा, मी हेच बोलणार होते."

"मग बोलायचं ना," मी म्हणालो. "कॉन्फिडन्स हवा गं."

दुसऱ्या सोमवारी मी कान देऊनच बसलो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी स्वतःचं डोकं वापरल्याचं मला आठवत नाही. तिचे मुद्दे नेहमी बरोबर असत, तपासायची गरजच नसे. हेडची जागा तोवर रिकामीच होती. साहेब दर वेळी विचारायचे, बाई तयार झाली का, आणि मी म्हणायचो, अजून थोडी कच्ची आहे.

त्या उन्हाळ्यात मोटार तापत असल्याच्या तक्रारी आल्या. सोमवारी तिनं टकटक केली, आत यायची परवानगी घेतली आणि चांगल्या खणखणीत आवाजात कपाटाला सांगितलं, "साहेब, मोटार उलटी फिरवावी. म्हणजे वारा मागे येईल आणि मोटार थंड राहील."

मीटिंगमध्ये मी ते जसंच्या तसं म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "आणि गिऱ्हाईकाला वारा?"

तेवढ्यात टेबलाच्या टोकावरून आवाज आला. "वारा भिंतीला लागेल, साहेब. मोटार तापते कारण मागच्या झाकणाची भोकं नव्या साच्यात छोटी झालीत. मी मोजून आणलीत."

त्यात प्रश्न नव्हता. ती झाकण घेऊनच आली होती.

मी मेलो असं मला वाटलं. पण साहेब उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, वा अण्णा, मुद्दाम चुकीचं बोलून तुम्ही बाईंना बोलतं केलंत, याला म्हणतात शिकवणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

बाहेर तिनं मला गाठलं. केसांतली पेन्सिल काढून हातात फिरवत होती. "मी आपलं नुसतं विचारते हं, अण्णा. मुद्दाम होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं पेन्सिल परत केसांत खोचली. मग म्हणाली, "बरं."

हेड झाल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल? ते कपाट हलवून भिंतीला लावून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. मी मात्र ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलो: बायकांना कॉन्फिडन्स कसा द्यायचा, ते आम्हाला विचारा. तिच्या निरोपसमारंभात मला शाल मिळाली. ती टाळ्या वाजवत होती.

गेल्या महिन्यात तिच्या शोकसभेला मला बोलायला बोलावलं. तिच्या हाताखाली तयार झालेल्या बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची होती. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. जुनीच सांगितली. त्या रडल्या.

कारखाना बंद झाला तेव्हा ते कपाट मी भंगारातून घरी आणलं होतं. बोरिवलीच्या माझ्या खोलीत ते अजून आहे. दारावर एका जागी रंग उडालाय, रुपयाएवढा. सभेहून परत आलो, त्याच जागी दोनदा टकटक केली आणि विचारलं, येऊ का आत?

मग सगळं सांगितलं, मोठ्यानं, एकही प्रश्न न करता. पलीकडे नुसती भिंत होती.